तळ शून्य

१

कोट खुंटीला अडकवण्याआधी शेवटची ओळ वाचायची, ही डॉन एदमुन्दो ओयार्सून यांची तीस वर्षांची सवय. संगणकावर चाललेल्या गणिताने काय पदरात टाकलं, ते त्या एका ओळीत कळायचं. चित्रं, आलेख, रंग सगळं नंतर. चित्राला सजवता येतं, बेरजेला नाही, असं ते विद्यार्थ्यांना सांगत आले होते.

त्या सोमवारी जुलैचं धुकं समुद्रावरून वाल्पाराइसोच्या टेकड्यांवर चढलं होतं. टेकडीची लिफ्ट नेहमीसारखी बंद. एकशे चौदा पायऱ्या, दोन विसावे. विभाग पत्र्याने मढवलेल्या एका जुन्या घरात होता, आणि निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी तिसऱ्या मजल्यावरची त्यांची खोली कुणी मागितली नव्हती. खोलीत रॉकेलची शेगडी, दोन टेबलं, दोन खुर्च्या. एक टेबल त्यांचं. दुसरं अकरा वर्षं रिकामं.

त्यांचा विषय एका वाक्यात सांगण्यासारखा होता आणि आयुष्यभर पुरला होता. दूरच्या एखाद्या दीर्घिकेच्या मध्यावर महाकाय कृष्णविवर असतं. त्याभोवती वायू आणि धूळ चुंबळीसारखी गोल बसलेली असते. आत पडणारा वायू तापतो, त्याचा उजेड धुळीला ढकलतो, आणि चुंबळीच्या मधल्या भोकातून धूळ वर उसळते. हा धुळीचा वारा त्यांनी पहिल्यांदा गणितातून उठवून दाखवला होता. या क्षेत्रातले लोक त्याला ओयार्सूनचा वारा म्हणत.

शेवटच्या ओळीत, सूर्याच्या वस्तुमानात मोजलेली, तीन आकड्यांची बेरीज असे: आत उरलेला माल, बाहेर उडालेला माल, विवरात पडलेला माल. ती सुरुवातीच्या मालाइतकी भरली पाहिजे. सुरुवातीचा आकडा डॉन एदमुन्दो दरवेळी वहीत पेन्सिलने लिहून ठेवत. या वेळी लिहिलं होतं: दहा लाख चाळीस हजार सूर्य.

पडद्यावर होतं दहा लाख चाळीस हजार एकशे बारा.

एकशे बारा सूर्य जास्त. त्यांनी चष्मा पुसला. सवयीप्रमाणे पहिला संशय स्वतःवर घेतला, वही पाहिली, पुन्हा ओळ पाहिली. कोट अंगावरच होता. असं पूर्वी कित्येकदा झालं होतं, त्यात काही नवल नव्हतं. पण तेव्हा माल आत ओतणारी एक ओळ प्रोग्रॅममध्ये होती. या वेळी ती त्यांनी स्वतःच्या हाताने बंद केली होती.

२

ती ओळ म्हणजे तळ.

चुंबळीच्या भोकात, विवराच्या अगदी वर, वायू इतका विरळ होतो की जवळजवळ काहीच उरत नाही. काहीच नाही याने भागायला लागलं की संगणक अडून बसतो. म्हणून या धंद्यातले सगळेच एक युक्ती करतात. घनतेला तळ ठरवायचा. एखादी जागा त्याहून रिकामी झाली, की प्रोग्रॅम न विचारता तिथे थोडा माल टाकतो आणि पुढे जातो. थोडाच. कुणाला कळू नये इतका.

डॉन एदमुन्दोंनी तळ जरा वर धरला होता. आणि त्यांच्या प्रोग्रॅममध्ये वायूबरोबर ठरलेल्या प्रमाणात धूळ येत असे, म्हणजे त्या भरावातही येत होती. उजेड त्या धुळीलाच ढकलत होता. वारा होता खरा, पण तो त्यांनीच ओतलेल्या भरावाचा होता.

हे शोधलं हिमेना यांकापानने. चिलोए बेटावरची मुलगी, मच्छीमाराची, याच खोलीतल्या दुसऱ्या टेबलावर बसून डॉक्टरेट करणारी. खुर्चीवर एक पाय दुमडून, गुडघ्यावर हनुवटी टेकवून ती तासन्‌तास आकडे बघायची. एका बुधवारी सगळ्यांच्या बैठकीत तिने ते मांडलं, शांतपणे, गुरूचा मान राखून. आणि डॉन एदमुन्दो हसले. म्हणाले, "पोरी, तू काही शोधलं नाहीस. तू यंत्र मोडलंस." सगळे हसले. तीही हसली, थोडी उशिरा.

त्याच आठवड्यात त्यांनी दार लावून स्वतः तळ खाली आणून पाहिला. वारा विझला. ती फाइल त्यांनी पुसून टाकली. तिच्या पुढच्या वर्षाच्या शिफारसपत्रात त्यांनी एकही वाईट शब्द लिहिला नाही. फक्त चांगलाही लिहिला नाही. उन्हाळ्यात ती गेली. आता तिकडेच, बेटावरच्या आंकुदच्या शाळेत गणित शिकवत होती.

गेल्या आठवड्यात तिचं पत्र आलं. गुरुवारी डॉन एदमुन्दोंच्या पंच्याहत्तरीचा सत्कार होता, त्यात ते शेवटचं व्याख्यान देणार होते, हे तिला कुठून तरी कळलं होतं. तीनच ओळी. अभिनंदन, प्रोफे. मी तुमच्याकडे कधी काही मागितलं नाही. बोलण्याआधी एकदा तळ शून्य करून चालवून बघा, एवढंच.

त्यांनी शून्य केला होता. मनात होतं की वारा विझेल, आणि गुरुवारी आपण ते सांगू. निदान तसं मनात असल्याचं त्यांनी स्वतःला सांगितलं होतं.

सोमवारी त्यांनी अखेर चित्र उघडलं. भोक रिकामं नव्हतं. वारा होता, पूर्वीपेक्षा सुबक.

३

मंगळवारी त्यांनी तेच गणित तळघरातल्या दुसऱ्या यंत्रावर लावलं. पुन्हा एकशे बारा. एक कमी नाही, एक जास्त नाही. दोन वेगळी यंत्रं चुकली तर वेगवेगळी चुकतात. त्यांनी प्रोग्रॅम ओळ न ओळ वाचला. माल आत आणणारी एकही ओळ त्यात नव्हती.

साडेदहाला सेन्योरा नेल्दा चहा घेऊन आली. विभागाचं सगळं तीच सांभाळायची, माणसांसकट. ट्रेमध्ये पाव, कुस्करलेलं अवोकाडो आणि दोन कप.

दोन कशाला, असं त्यांनी विचारलं.

"तुम्हीच म्हणालात ना दोन," नेल्दा म्हणाली. "नाहीतर माझ्या गुडघ्यांना हौस आहे का, दुसरा कप तीन मजले चढवायची?"

त्यांनी काही सांगितल्याचं त्यांना आठवत नव्हतं. या वयात आठवत नाही हा काही पुरावा नव्हे, असा त्यांनी विचार केला. नेल्दाने दुसरा कप रिकाम्या टेबलावर ठेवला, कमरेला खोचलेल्या फडक्याने खुर्ची पुसली आणि नाक मुरडलं.

"सकाळी पुसली होती. तुमच्याकडची धूळ मोठी शहाणी आहे बघा. भरलेल्या जागी बसतच नाही."

ती गेल्यावर त्यांनी पाहिलं. खरंच होतं. त्यांच्या कागदांच्या ढिगावर धूळ नव्हती. पुस्तकांवर नव्हती. फडताळात पुस्तकांच्या मध्ये एक फट होती, तिच्यात मात्र ती करड्या पिठासारखी काठोकाठ भरलेली. दुसऱ्या टेबलाचा रिकामा खण त्यांनी ओढला. जड लागला. आत वरपर्यंत धूळ, वरून सपाट, जणू कुणी पट्टीने फिरवून सारखी केलेली.

शेगडीची काजळी असेल. लाकूड भुसभुशीत झालं असेल, समुद्राची हवा. त्यांनी खण लावला. मग दुसऱ्या कपाकडे नजर गेली. त्यात चहा ओतलेलाच नव्हता, पण तो रिकामाही राहिला नव्हता.

४

बुधवारी सकाळी विभागप्रमुख तुलिओ वर आला. चाळिशीचा, बडबड्या, एकेकाळचा त्यांचाच विद्यार्थी. त्या बैठकीत सगळ्यात मोठ्याने हसणारा. पडद्यावरचं चित्र पाहून त्याने शीळ घातली आणि तळ किती धरलाय म्हणून विचारलं. शून्य, असं डॉन एदमुन्दोंनी सांगितलं.

"शून्य? आणि तरी उभा आहे?" तुलिओने त्यांच्या खांद्यावर थाप मारली. "प्रोफे, तुम्ही आम्हाला सगळ्यांना पोचवूनच थांबणार. उद्या हेच दाखवा. एका चित्रात सगळ्यांची तोंडं बंद."

चित्राखाली शेवटची ओळ होती. तुलिओने ती वाचली नाही. डॉन एदमुन्दोंनी चित्र किंचित खाली सरकवलं, इतकं की ओळ दिसेनाशी झाली. का सरकवलं, हे त्यांना विचारलं असतं तर हात थरथरतो असं ते म्हणाले असते.

दुपारी त्यांनी आंकुदला शाळेत फोन लावला. पलीकडे पत्र्यावर पाऊस वाजत होता, मुलांचा कल्ला चालला होता. हिमेनाचा आवाज जाड झाला होता, पण बोलण्याची तऱ्हा तीच, शब्द मोजून.

"लावलंत का, प्रोफे?"

लावलं, ते म्हणाले. तळ शून्य. वारा उभा आहे.

ती म्हणाली, "आणि बेरीज?"

वही समोरच होती. एकशे बारा हा आकडा त्यांनी स्वतः तांबड्या पेन्सिलने अधोरेखित केला होता. ते नुसतं 'जास्त भरते आहे, कळत नाही' एवढंच म्हणाले असते तरी चाललं असतं. ती तिथल्या तिथे चुका शोधायला बसली असती, पूर्वीसारखी.

"जुळते," ते म्हणाले.

एका मुलाने तिला हाक मारली, तिने त्याला थांब म्हटलं.

"म्हणजे मी अकरा वर्षं…" ती मध्येच थांबली. "बरं झालं. कळलं एकदाचं." मग सहज विचारावं तसं तिने विचारलं, "खोलीत कोण आहे?"

"कुणी नाही. का?"

"खुर्ची करकरली. माझी करकरायची तशी."

तिने अभिनंदन करून फोन ठेवला. डॉन एदमुन्दो रिसीव्हर हातात धरून बसून राहिले. परत लावावा, असं तीनदा मनात आलं. मागे वळून पाहावं, असं एकदाही आलं नाही.

५

चार वाजता, बाहेर अजून दुधी उजेड असताना, त्यांनी ठरवलं की निदान एकशे बारा सूर्य कुठे बसलेत ते पाहावं. चुंबळीच्या बाहेरून सगळे बघतात. त्यांनी नजरेचा बिंदू भोकाच्या आत ठेवला, तोंड बाहेरच्या बाजूला. विवराच्या जागी बसून वर पाहिलं तर काय दिसेल, तसं चित्र मागितलं.

असं चित्र वरून खाली, रेघ रेघ करत उमटतं. वेळ लागतो. तोवर पडदा काळा राहतो आणि काळ्या पडद्यात खोली दिसते. त्यांचं स्वतःचं डोकं, खांदे. मागे खिडकी. खिडकीच्या अलीकडे दुसरं टेबल आणि खुर्ची.

खुर्चीत कुणीतरी बसलं होतं.

एक पाय दुमडलेला, हनुवटी गुडघ्यावर. डॉन एदमुन्दोंच्या मनात पहिला विचार आला तो फार साधा होता: ही जिवंत आहे, तीन तासांपूर्वी मी हिच्याशी बोललो, मेलेल्यांपैकी नाही, मग हे कुणाचं? दुसरा विचार हळूहळू आला. ते हिमेना नव्हतंच. हिमेना उठून गेल्यावर जी जागा उरली होती, ती भरली गेली होती.

त्याला चेहरा होता, म्हणजे चेहऱ्याच्या जागी चेहऱ्याएवढा माल होता, सगळीकडे सारख्या मापाचा. डोळ्यांत खोल नाही, नाकाशी उंच नाही. आणि तरीही ते त्यांच्याकडे बघत होतं, हे त्यांना कळत होतं. रागाने नव्हे. प्रश्न विचारून झाल्यावर विद्यार्थी उत्तरासाठी थांबतो, तसं.

पडद्यावर रेघा उतरत गेल्या आणि प्रतिबिंब झाकत गेल्या. शेवटची रेघ पडायच्या आत डॉन एदमुन्दोंनी तारच ओढली. पडदा विझला. विझलेल्या पडद्यात पाहायचं नाही म्हणून त्यांनी डोळे मिटले, आणि तसेच, भिंत चाचपत, दारापर्यंत गेले.

खालच्या मजल्यावर नेल्दा म्हणाली, चेहरा पांढराफटक झालाय, घरी जा. ते जिन्यात उभे राहिले आणि हलक्या आवाजात, जणू चर्चमधल्या कबुलीच्या खोलीत, म्हणाले की मी उद्या सगळं सांगणार आहे. नेल्दाने त्यांच्या गळ्याला मफलर गुंडाळला. सांगा हो, ती म्हणाली, पण आधी जेवा.

६

गुरुवारी अकराला सभागृह भरलं. खाली, बंदराजवळ. साठेक माणसं, काही परदेशातली. दूरवरून ऐकणाऱ्यांची नावं भिंतीवर एका कडेला दिसत होती, त्यांत सातवं नाव हि. यांकापान. पहिल्या रांगेतल्या सगळ्या खुर्च्या भरलेल्या होत्या, हे डॉन एदमुन्दोंनी आधी पाहून घेतलं.

त्यांनी वारा दाखवला. सभागृहात कौतुकाची कुजबुज झाली. मग ते म्हणाले की चित्रावर जाऊ नका, मी तुम्हाला शेवटची ओळ दाखवतो. त्यांना खूप वर्षांत इतकं हलकं वाटलं नव्हतं. ही ओळ बघा, ते म्हणाले, आणि मग माझ्या एका विद्यार्थिनीविषयी मला काही सांगायचं आहे.

ओळ भिंतीवर आली.

दहा लाख चाळीस हजार एकशे बारा. आणि शेजारी, सुरुवातीचा माल: दहा लाख चाळीस हजार एकशे बारा. फरक शून्य.

त्यांनी खिशातून वही काढली. त्यांच्याच हस्ताक्षरात, पेन्सिलीच्या त्याच बोथट टोकाने, सुरुवातीच्या आकड्यातच आता एकशे बारा लिहिलेलं होतं. खाडाखोड नव्हती. खाली तांबडी रेघ होती, पण ती आता कशाच्या खाली आहे हे सांगता येत नव्हतं. माल आता बाहेरून आलेला नव्हता. तो सुरुवातीपासूनच तिथे होता.

टाळ्या सुरू झाल्या. आधी तुलिओच्या, मग सगळ्यांच्या. लोक उभे राहिले.

डॉन एदमुन्दोंना त्या उभ्या माणसांच्या गर्दीत एक गोष्ट स्वच्छ कळत होती. आकड्याची काही गरजच नव्हती. अकरा वर्षांपूर्वी मी स्वतः वारा विझताना पाहिला आणि फाइल पुसली. काल मी तिला खोटं सांगितलं. या दोन वाक्यांना पुरावा लागत नव्हता. तोंड लागत होतं. टाळ्या थांबल्या की बोलू, असं त्यांनी ठरवलं. टाळ्या थांबल्या. सभापतीने विचारलं, विद्यार्थिनीविषयी काय म्हणत होतात?

"तिने मला तळ शून्य करायला सुचवलं," डॉन एदमुन्दो म्हणाले. "तिचे आभार."

पुन्हा टाळ्या. सातवं नाव थोडा वेळ तिथेच राहिलं. मग ते गेलं, आणि त्या जागी खालचं नाव वर सरकलं.

७

पाच वाजता, चहाच्या वेळी, ते खोलीत परतले. फुलांचा गुच्छ दुसऱ्या टेबलावर ठेवताना लक्षात आलं की धूळ कुठेच नाही. फडताळातली फट मोकळी होती, खण हलका होता, खुर्ची स्वच्छ. कुणी काही आवरून नेल्यासारखं, किंवा ज्याला जिथे पोचायचं होतं तिथे ते पोचल्यासारखं.

त्यांनी आंकुदचा नंबर फिरवला. काय बोलायचं ते चार वेळा मनात म्हणून झालं होतं. हिमेना, मी नालायक माणूस आहे. इथून सुरुवात करायची.

पहिल्याच घंटेला फोन उचलला गेला.

"प्रोफे," आवाज म्हणाला. हिमेनाचाच आवाज, पण अकरा वर्षांपूर्वीचा, तरुण. "किती छान बोललात. माझं नाव घेतलंत."

त्यांनी नाव घेतलं नव्हतं.

पलीकडे पाऊस नव्हता. मुलं नव्हती. श्वास घेण्यासाठी माणूस थांबतो तेही नव्हतं. शब्द सारख्या मापाने येत होते, कुठे कमी नाही, कुठे जास्त नाही.

"तुमचंच बरोबर होतं," आवाज म्हणाला. "मी यंत्र मोडलं होतं. मनाला लावून घेऊ नका, प्रोफे. माझा काही राग नाही. कधीच नव्हता."

हे हिमेनाने कधीही म्हटलं नसतं. हे त्यांना पक्कं माहीत होतं. आता फोन ठेवायचा, चिलोएची बस धरायची, फेरीने पलीकडे जायचं, त्या शाळेच्या दारात उभं राहायचं आणि कुणी आत आहे का ते पाहायचं. हे सगळं त्यांना दिसत होतं, पायरी पायरीने, सिद्धतेसारखं.

पण अकरा वर्षं रोज सकाळी ओळ वाचण्याआधी त्यांनी मनात मागितलेली वाक्यं नेमकी हीच होती. याच क्रमाने.

"ऐकताय ना?" आवाजाने विचारलं, आणि मागे कुठे तरी, पलीकडे की खोलीत हे त्यांनी स्वतःला ठरवू दिलं नाही, एक खुर्ची करकरली.

"ऐकतोय," डॉन एदमुन्दो म्हणाले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि लाज इतकी होती की कान जळत होते. "थँक यू, पोरी. फार बरं वाटलं."

आणि त्यांना खरंच बरं वाटलं होतं.

जिन्यावर नेल्दाची पावलं वाजली, सावकाश, गुडघे सांभाळत. ट्रेमध्ये कप किणकिणत होते. किती आहेत ते आवाजावरून सहज मोजता आलं असतं. डॉन एदमुन्दोंनी मोजले नाहीत. फुलांचा गुच्छ दुसऱ्या टेबलावरून उचलला आणि तिथे जागा करून दिली.